अनुभवी माणसाचे काम दुसऱ्याच्या हाती कसे जाईल? मनुष्यबळ विभागासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात वेर्णा, कुंडई, पिळर्ण, बेथोडा इथल्या कारखान्यांतून, किनारपट्टीवरच्या हॉटेलांतून आणि पणजीतल्या कार्यालयांतून मनुष्यबळ विभागातले लोक जे प्रश्न सारखे विचारतात, ते इथे घेतले आहेत. आमचे म्हणणे आधीच सांगतो. कामातली खुबी कोणी स्वतःपाशी ठेवत असेल, तर बहुतेक वेळा कंपनीचे नियमच त्याला तसे करायला लावतात. म्हणून उपायही पगार, बढती, पाळ्या, रजा आणि मूल्यमापन यांतच शोधावा लागतो.

सुरुवात कुठून करावी?

एका कागदापासून. डावीकडे विभागातली कामे लिहा, वर माणसांची नावे. प्रत्येक चौकोनात ० ते ३ पैकी एक आकडा भरा. ० म्हणजे येत नाही, १ म्हणजे कोणी शेजारी उभे असेल तर जमते, २ म्हणजे एकट्याने करता येते, ३ म्हणजे दुसऱ्याला शिकवता येते. यालाच स्किल मॅट्रिक्स म्हणतात. कामे लिहिताना ‘मेन्टेनन्स’ असा मोघम शब्द चालत नाही. ‘वीज गेल्यानंतर चिलर पुन्हा सुरू करणे’, ‘जीएसटी रिटर्न आणि खरेदीच्या नोंदींतला फरक शोधणे’, ‘लग्नाच्या ग्रुप बुकिंगचे बिल वेगवेगळ्या खोल्यांवर टाकणे’ इतके नेमके लिहावे. एका विभागाला २५ ते ४० ओळी पुरतात. त्याहून जास्त झाल्या की तक्ता अर्धवट पडून राहतो.

आता आडव्या ओळी वाचा. ज्या ओळीत २ किंवा ३ हा आकडा एकाच माणसापुढे आहे, ती ओळ लाल करा. प्रत्येक लाल ओळीला दोन प्रश्न विचारा: हे काम अडले तर नुकसान किती तासांत सुरू होते? आणि हा माणूस येत्या वर्षभरात निवृत्त होण्याची किंवा सोडून जाण्याची शक्यता किती? ज्या ओळींना दोन्ही उत्तरे वाईट आहेत, त्या पाच-सहा ओळींवरच पहिले सहा महिने काम करा. कारखान्यातले सगळे ज्ञान लिहून काढण्याचा घाट घातलेल्या मोहिमा दुसऱ्या महिन्यात बारगळतात.

आकडे एकट्या सुपरवायझरने भरले तर मर्जीतल्या माणसांना ३ मिळतात. ज्याचे त्याने भरले तर पगाराकडे बघून भरले जातात. दोघांनी समोरासमोर बसून भरावेत आणि काम प्रत्यक्ष करताना पाहिल्याशिवाय २ देऊ नये. या तक्त्यावरून कोणाची नोकरी जाणार नाही, हे व्यवस्थापनाने पहिल्याच दिवशी सांगायला हवे. सांगितले तर पाळायलाही हवे. एकदा शब्द मोडला की पुढची काही वर्षे खरे आकडे मिळणार नाहीत.

अनुभवी लोक सांगायला तयार का नसतात?

कॅथरिन कॉनेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ज्ञान दडवण्याचे तीन प्रकार वेगळे केले. एक, टोलवाटोलवी: ‘बघू, उद्या सांगतो’, किंवा अर्धेच सांगणे. दोन, माहीत असून माहीत नसल्याचा आव आणणे. तीन, कारण देऊन नकार: ‘साहेबांनी सांगायला मनाई केली आहे’. तिसऱ्या प्रकारात नेहमी खोटेपणा असतोच असे नाही. कधी खरोखरच मनाई असते. म्हणून आधी आपलाच नियम तपासावा.

आता त्या माणसाच्या जागी उभे राहून पाहा. बिघडलेले पॅकिंग मशीन त्याला एकट्यालाच जमते, म्हणून रविवारी त्यालाच बोलावतात आणि ओव्हरटाइम त्यालाच मिळतो. दुसऱ्याला शिकवले की ती कमाई निम्मी होते. शिकवायला बसला तर त्याचे त्या दिवशीचे उत्पादन घटते आणि पाटीवर त्याच्या नावापुढे कमी आकडा लागतो. ज्याला शिकवायचे तो ट्रेनी डिप्लोमा झालेला असतो, दोन वर्षांत याचाच सुपरवायझर होणार असतो. अशा स्थितीत गप्प राहणे हा साधा हिशेब आहे, आणि तो बदलणे तुमच्या हातात आहे.

शिकवण्याचे तास रोस्टरवर लिहा: महिन्याला चार तास, आणि त्या तासांपुरते उत्पादनाचे लक्ष्य कमी. ओव्हरटाइम हातचा जाणार असेल तर त्याच्या बदल्यात दरमहा ठरलेला प्रशिक्षक भत्ता द्या. आणि ज्याच्याकडे पदवी नाही पण २० वर्षांचा अनुभव आहे, त्याला चढायला एक वेगळी शिडी ठेवा. ‘वरिष्ठ तंत्रज्ञ’, ‘मुख्य तंत्रज्ञ’ अशा पदांना सुपरवायझरच्या तोडीचा पगार असेल, तर ट्रेनी त्याला प्रतिस्पर्धी वाटत नाही. या तिसऱ्या उपायाला खर्च येतो, म्हणून तो सर्वांत शेवटी सुचतो; आमच्या मते उपयोग सर्वांत जास्त त्याचाच होतो.

अप्रेझलमध्ये हे कसे धरायचे?

एकूण गुणांपैकी १० ते १५ टक्के. पाच टक्के ठेवले तर कोणी मनावर घेत नाही, तीस ठेवले तर मूळ काम मागे पडते. ‘किती टिपा लिहिल्या’, ‘किती फाइली अपलोड केल्या’ हे मोजू नका. मोजायला लागलात की मार्चच्या शेवटच्या आठवड्यात निरुपयोगी फाइलींचा पूर येतो. मोजायचे ते शिकणाऱ्यावरून: याने शिकवलेल्यांपैकी किती जण १ वरून २ वर गेले? प्रश्न शिकणाऱ्याला विचारा, शिकवणाऱ्याला नव्हे.

विभागातल्या माणसांना एकमेकांच्या तुलनेत क्रमांक देऊन ठरावीक टक्के लोकांना तळाला टाकण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर बाकीचे उपाय करण्याआधी ती बंद करा. शेजाऱ्याला शिकवले की आपला क्रमांक खाली जातो, अशी रचना असताना सहकार्याचे फलक लावून काही होत नाही. मायक्रोसॉफ्टने अशी क्रमवारी नोव्हेंबर २०१३ मध्ये मोडीत काढली, तेव्हा सांघिक काम हेच कारण पुढे केले होते.

प्रत्येक सूचनेला रोख बक्षीस द्यावे का?

नाही. झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांसाठी १९९० च्या दशकात ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी राहिली. कॉपिअर दुरुस्त करताना सापडलेली युक्ती तंत्रज्ञ लिहून पाठवत, दुसरे जाणकार तंत्रज्ञ ती तपासत आणि मगच ती सगळ्यांना दिसत असे. प्रत्येक युक्तीबरोबर ती शोधणाऱ्याचे नाव असे. तंत्रज्ञांना हवा होता तो मान, आणि तो या नावातून मिळाला.

यातले दोन धडे गोव्यातल्या ५० माणसांच्या कारखान्यालाही लागू पडतात. तपासणी त्याच कामातल्या माणसाने करावी, कार्यालयाने नाही. आणि नाव कागदावर राहावे, नंतर ती सूचना कंपनीच्या एसओपीमध्ये, म्हणजे कामाच्या मंजूर लेखी पद्धतीत, गेली तरी. साहेबांच्या प्रेझेंटेशनमध्ये आपली युक्ती बिननावाची पाहिलेला माणूस दुसरी युक्ती देत नाही. प्रशिक्षक भत्ता वेगळा: तो नेमून दिलेल्या कामाचा मोबदला असतो.

शिकवायचे नेमके कसे? आमचे ऑपरेटर काम उत्तम करतात, पण समजावता येत नाही.

हे अगदी स्वाभाविक आहे. तत्त्वज्ञ मायकेल पोलानी यांनी १९६० च्या दशकातच मांडले की माणसाला जेवढे सांगता येते त्याहून जास्त ठाऊक असते. म्हणून ‘तुम्हाला माहीत आहे ते लिहून द्या’ असे म्हणून कोरा कागद पुढे करू नका. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांसाठी तयार झालेली टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) पद्धत आजही सर्वांत सोपी आहे. तिच्यात चार पायऱ्या आहेत: शिकणाऱ्याची तयारी करून घेणे, काम करून दाखवणे, त्याच्याकडून करून घेणे, आणि नंतर पाठपुरावा.

त्याआधी एक तीन रकान्यांचा कागद करायचा: मुख्य पायऱ्या, कळीच्या गोष्टी, कारण. गोळ्या बनवणाऱ्या कारखान्यातले उदाहरण घेऊ. पावसाळ्यात टॅब्लेट प्रेसवर पंचाला, म्हणजे पावडर दाबून गोळी घडवणाऱ्या दांड्याला, पावडर चिकटू लागली.

पायरी पहिली: मशीन थांबवून खराब गोळ्या वेगळ्या करणे. कळीची गोष्ट: गोळीवर कोरलेल्या नावात ‘ए’, ‘बी’, ‘आर’ अशी इंग्रजी अक्षरे असतील तर त्यांच्या बंद पोकळ्या आधी पाहणे. कारण: पावडर तिथे सर्वांत आधी अडकते, सपाट भागावर दिसेपर्यंत बरीच बॅच खराब झालेली असते.

पायरी दुसरी: चिकटणे एकाच पंचावर आहे की सगळ्यांवर, हे पाहणे. कारण: एकाच पंचावर असेल तर त्याच्या टोकावर ओरखडा किंवा पॉलिश उडालेले असण्याचा संशय. सगळ्यांवर असेल तर दाण्यातला ओलावा, कमी पडलेले किंवा नीट न मिसळलेले ल्युब्रिकंट, किंवा खोलीतली आर्द्रता.

पायरी तिसरी: ओलाव्याचा आणि खोलीच्या आर्द्रतेचा आकडा नोंदवून सुपरवायझरला कळवणे.

दुसरी पायरी अनुभवी ऑपरेटर एका नजरेत करतो, म्हणून ती त्याच्या तोंडून कधी येतच नाही. ती काढून घ्यायची तर काम चालू असताना शेजारी उभे राहून विचारावे लागते: ‘काका, आत्ता तुम्ही कशावरून ओळखलंत?’ हाच प्रश्न पुन्हा पुन्हा. कागद मनुष्यबळ विभागाने किंवा ट्रेनीने लिहावा, काकांनी तो वाचून दुरुस्त करावा. एका कागदावर एकच काम, एकच पान.

औषध कारखान्यांसाठी एक ताकीद. ऑपरेटरची युक्ती मंजूर एसओपीच्या बाहेरची असेल तर ती परस्पर शिकवता येत नाही. आधी चेंज कंट्रोलमधून, म्हणजे बदल तपासून मंजूर करण्याच्या प्रक्रियेतून, जावी लागते. पण म्हणून ती दाबूही नका. ‘मंजूर नाही’ म्हणून जिथे तोंड बंद केले जाते, तिथे ती युक्ती रात्रपाळीत चालूच राहते, फक्त नोंदीत येत नाही. तपासनीसाच्या दृष्टीने ते जास्त गंभीर.

माणूस तीन महिन्यांत निवृत्त होणार आहे. आता काय?

वेळ कमी आहे, पण अशक्य नाही. खरे तर एक वर्ष आधी सुरू करायला हवे. निवृत्तीची तारीख मनुष्यबळ विभागाला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, तेव्हा ‘अचानक’ या सबबीला जागा नाही.

पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्याबरोबर बसून वर्षाचे कॅलेंडर काढा: कोणत्या महिन्यात काय करावे लागते, कोणाला फोन करावा लागतो, काय बिघडते. वर्षातून एकदाच येणारी कामे, म्हणजे बॉयलरची तपासणी, परवान्यांचे नूतनीकरण, पावसाआधीची कामे, ही इथेच सापडतात आणि हीच नेहमी विसरली जातात. मग सहा आठवडे वारसदाराने शेजारी राहून काम पाहायचे. शेवटचे चार आठवडे भूमिका उलटी: काम वारसदाराने करायचे, जुन्या माणसाने हात खिशात ठेवायचे. हा टप्पा बहुतेक ठिकाणी गाळला जातो. प्रत्येकाला वाटते की शेवटच्या दिवसापर्यंत त्याने उत्पादन द्यावे.

एक्झिट इंटरव्ह्यूवर विसंबू नका. तो शेवटच्या दिवशी, केक आणि भेटवस्तूंच्या गडबडीत होतो, आणि त्यात माणूस का चालला हे कळते, त्याला काय येते हे कळत नाही. शक्य असेल तर निवृत्तीनंतर तीन महिन्यांसाठी आठवड्यातून एक दिवस मानधनावर बोलवा, फक्त शिकवण्यासाठी. मशीन चालवायला दिले की तो पुन्हा एकटाच चालवू लागतो.

पाळी बदलताना माहिती गळते. उपाय?

इथे गोव्यातली एक अगदी साधी अडचण आहे: कंपनीची बस. बस पाळी संपल्यावर पाच मिनिटांत सुटत असेल तर हँडओव्हर दारातच उरकला जातो. बस दहा मिनिटे उशिरा सोडा आणि ती दहा मिनिटे कामाच्या वेळेत धरा. मात्र एकाच कामावर दोन तुकड्या एकाच वेळी ठेवण्यावर कायद्याने बंधन आहे; १९४८ च्या कारखाने अधिनियमात ते कलम ५८ मध्ये होते. म्हणून हे वेळापत्रक बदलण्याआधी कारखाने निरीक्षकांच्या कार्यालयाशी बोला, किंवा हँडओव्हर सुपरवायझर आणि लीड ऑपरेटर यांच्यापुरताच ठेवा.

वहीत चार ओळी पुरतात: काय चालू आहे, काय अर्धवट आहे, काय वेगळे दिसले, पुढच्या पाळीने काय पाहायचे. तिसरी ओळ रिकामी ठेवायची परवानगी नको. ‘नॉर्मल’ हा शब्दही नको.

कोणत्या भाषेत?

ज्या भाषेत माणूस मशीनपाशी बोलतो त्या भाषेत. आपल्याकडे एकाच पाळीत कोकणी, मराठी, हिंदी आणि कन्नड ऐकू येते, आणि एसओपी इंग्रजीत असते. नियंत्रित दस्तऐवज इंग्रजीतच राहू द्या. पण शिकवणीचा कागद मराठीत किंवा कोकणीत करा, आणि जिथे वाचनाची अडचण आहे तिथे ९० सेकंदांचा मोबाइल व्हिडिओ. कोकणी लिहिताना काहींना देवनागरी सोपी जाते, काहींना रोमी, म्हणजे रोमन लिपी. विचारून घ्या, गृहीत धरू नका. व्हिडिओत चेहरा नको, हात दिसले पाहिजेत. औषध कारखान्यात शूटिंगला आधी क्वालिटी विभागाची परवानगी.

व्हॉट्सॲप ग्रुप पुरत नाही का?

तातडीच्या निरोपाला पुरतो, साठवणीला नाही. सहा महिन्यांपूर्वीचा फोटो सापडत नाही, सोडून गेलेल्याच्या फोनमध्ये सगळे राहते, आणि पाहुण्याच्या पासपोर्टचा फोटो ग्रुपवर पडला तर प्रकरण थेट वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यापर्यंत जाते. आठवड्यातून एकदा कोणीतरी एकाने ग्रुपमधल्या कामाच्या गोष्टी सामाईक फोल्डरमध्ये हलवाव्यात. प्रत्येक कागदावर तीन गोष्टी हव्यात: लिहिणाऱ्याचे नाव, सांभाळणाऱ्याचे नाव, पुन्हा तपासायची तारीख. जुनी चुकीची माहिती दोनदा मिळाली की लोक तो फोल्डर पुन्हा उघडत नाहीत. महागडे सॉफ्टवेअर याच्यानंतर.

हॉटेलात दर सीझनला माणसे बदलतात. शिकवायचे तरी कोणाला?

परत येणाऱ्यांना, आणि पावसाळ्यात. ऑक्टोबर ते मार्च शिकवायला सवड नसते. जून ते सप्टेंबर हेच तुमचे महिने. जे स्वयंपाकी आणि फ्रंट ऑफिसचे लोक कायम आहेत, त्यांच्याकडून तेव्हा कार्डे, म्हणजे एका कामाचे एक पान अशी टिपणे, करून घ्या. परत येणाऱ्याला मार्च-एप्रिलमध्येच लेखी शब्द आणि परतीचा बोनस द्या. त्याने आणलेला अनुभव नव्या माणसाच्या प्रशिक्षणापेक्षा स्वस्त पडतो.

स्वयंपाकघरातले कार्ड करताना ‘अंदाजाने’ हा शब्द खोडा. शाकुतीच्या वाटणासाठी खोबरे ग्रॅममध्ये, आणि भाजण्याचे तीन फोटो: कच्चे राहिलेले, योग्य, करपलेले. मिनिटे लिहून भागत नाही, कारण कढई आणि आच बदलते. विंदालूसाठी सुरेच्या व्हिनेगरचे मिलिलिटर लिहिले तरी पुरत नाही, कारण प्रत्येक खेपेचा आंबटपणा वेगळा असतो. तिथे ‘आधी अर्धे घाला, चाखा, मग उरलेले’ असेच लिहावे लागते. कार्ड बरोबर आहे की नाही याची कसोटी एकच: ज्याने तो पदार्थ कधी केलेला नाही त्याने फक्त कार्ड पाहून करावा आणि मुख्य शेफने चाखावा.

चूक झाल्यावर कोणी बोलतच नाही.

चौकशी आणि शिकणे यांच्या बैठका वेगळ्या ठेवा. शिकण्याच्या बैठकीत चारच प्रश्न: काय व्हायचे ठरले होते, प्रत्यक्षात काय झाले, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचे. ही अमेरिकी लष्करात रुळलेली पद्धत आहे. अर्धा तास, घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत, आणि सर्वांत कनिष्ठ माणूस आधी बोलतो. साहेब आधी बोलले की बाकीचे मान डोलावतात.

संशोधक एमी एडमंडसन यांना रुग्णालयांच्या अभ्यासात दिसले की चांगल्या तुकड्यांमध्ये औषधांच्या चुकांच्या नोंदी उलट जास्त होत्या, कारण तिथले लोक चुका मोकळेपणाने सांगत होते. तेव्हा उपक्रम सुरू झाल्यावर नोंदी वाढल्या तर घाबरू नका, आणि त्या आकड्यावरून विभागप्रमुखाचा बोनस तर मुळीच कापू नका.

शिकवलेला माणूस स्पर्धकाकडे गेला तर?

जाईलही. नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करू नये अशी अट भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ मुळे सहसा टिकत नाही. गोपनीयतेची अट मात्र घालता येते. म्हणून माहितीचे तीन गट पाडा: सगळ्यांसाठी, विभागापुरती, आणि सही घेऊन देण्याची. फॉर्म्युला, दर, ग्राहकांच्या याद्या तिसऱ्या गटात. मशीन कसे उघडायचे, फिल्टर कसा धुवायचा, हे पहिल्या गटात. भीतीपोटी सगळेच तिसऱ्या गटात टाकणाऱ्या कंपन्यांत काम अडते ते इथेच.

कंत्राटी कामगारांचे काय?

त्यांना तक्त्यात घ्या. पॅकिंग, लोडिंग, हाउसकीपिंग यांतल्या कितीतरी खुब्या त्यांच्याकडेच असतात आणि कंत्राटदार बदलला की त्या एका दिवसात जातात. त्यांचा भत्ता कंत्राटदारामार्फत द्यावा लागेल, म्हणून तो कंत्राटातच लिहून घ्या.

आयएसओ ऑडिटर याबद्दल विचारतो का?

हो. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या मानकात ७.१.६ हे कलम संस्थेच्या ज्ञानाबद्दलच आहे. स्किल मॅट्रिक्स, तीन रकान्यांचे कागद आणि त्यांच्या तपासणीच्या तारखा दाखवल्या तर वेगळी फाइल करावी लागत नाही.

उपयोग झाला हे कसे ओळखायचे?

लाल ओळी किती उरल्या, ते दर तीन महिन्यांनी मोजा. नवा माणूस एकट्याने काम करायला किती आठवडे घेतो, तेच बिघाड पुन्हा किती वेळा होतात, हेही पाहा. गोव्यात आणखी एक खात्रीचे माप आहे: चतुर्थी. अनुभवी माणसे गावी जातात, त्या दिवसांत रजेवरच्या कोणाला किती फोन गेले आणि कशासाठी, हे सुपरवायझरला लिहून ठेवायला सांगा. नाताळात तेच करा. प्रत्येक फोन म्हणजे तक्त्यातली एक लाल ओळ. ती यादीत नसेल तर त्याच आठवड्यात घाला आणि त्या कामाला दुसरा माणूस नेमा.